अर्धी भाकरी आणि येलचा नकाशा

अंबड तालुक्यातल्या एका वाचकांनी विचारलंय: छातीत दुखलं म्हणून जालन्याला जाऊन तपासण्या केल्या, त्यात शुगर निघाली आणि लिव्हरवर चरबीही निघाली. डॉक्टर म्हणाले, भाकरी, भात, साखर कमी करा. ‘कळतं सगळं, पण मन घेत नाही. सुरुवात करायला प्रेरणा आणायची कुठून?’

प्रश्न आहाराचा आहे, पण त्याचं मला माहीत असलेलं सर्वात चांगलं उत्तर धनुर्वाताच्या लशीच्या एका प्रयोगात आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वातावरची एक पुस्तिका वाचायला दिली. काहींच्या हातात सौम्य पुस्तिका होती, तर काहींच्या हातात अंगावर काटा आणणारी, रुग्णाच्या छायाचित्रांसकट. भयंकर पुस्तिका वाचलेली मुलं साहजिकच जास्त घाबरली. लस घेतलीच पाहिजे, असं त्यांनी प्रश्नावलीत जास्त ठासून लिहिलं. प्रत्यक्षात आरोग्य केंद्रात जाऊन टोचून घेणारे मात्र शंभरात तीनच्या आसपास निघाले.

काही मुलांना पुस्तिकेबरोबर आणखी एक कागद दिला होता. त्यावर विद्यापीठाचा नकाशा होता आणि आरोग्य केंद्राभोवती गोल काढलेला होता. जोडीला एक सूचना होती: आठवड्याचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा आणि नेमकं कधी जाता येईल ते बघा. या गटातले शंभरात २८ जण लस घेऊन आले. गंमत अशी, की ही शेवटच्या वर्षाची मुलं होती आणि केंद्र कुठे आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. नकाशानं नवीन माहिती काहीच दिली नाही. भीती जास्त दाखवली की कमी, यानंही लस घेणाऱ्यांच्या संख्येत फरक पडला नाही. पण ज्यांना नुसता नकाशा दिला आणि भीती अजिबात दाखवली नाही, त्यांच्यातलं कुणीच गेलं नाही. म्हणजे थोडी धास्ती लागतेच, पण ती वाढवत नेण्यात अर्थ नाही. (प्रयोग छोटा होता, एकेका गटात तीसेक मुलं. तरी सवयी बदलून देण्याचा दावा करणारी आजची कितीतरी अॅप्स याच कल्पनेवर चालतात, आणि लेव्हेंथल यांचं नाव त्यांत कुठेही नसतं.)

तेव्हा आमच्या वाचकांकडे धास्तीचा साठा पुरेसा आहे. छातीत कळ येऊन गेलेल्या माणसाला व्हॉट्सअॅपवर कापलेल्या पायांचे फोटो पाठवणाऱ्या नातेवाइकांनी आता थांबायला हरकत नाही. नाही तो नकाशा. कोणत्या जेवणातलं काय कमी करायचं, किती, कधीपासून, आणि मुख्य म्हणजे भाकऱ्या थापणाऱ्या व्यक्तीला हे कुणी सांगायचं? आपल्याकडे पथ्य खाणाऱ्याला सांगतात आणि ताट दुसरंच कुणीतरी वाढतं. डॉक्टरांच्या खोलीत त्या दुसऱ्या व्यक्तीला खुर्ची नसते, ही मला या सगळ्यातली सर्वात मोठी चूक वाटते.

कमी कर्बोदकांच्या आहाराचा जगातला सर्वात गाजलेला रुग्णही त्याकडे लठ्ठपणाच्या भीतीनं वळला नव्हता. विल्यम बॅन्टिंग हा लंडनचा गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या प्रतिष्ठित घराण्यातला. १८६२ साली वय पासष्टीच्या आसपास, उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड. बुटाची नाडी बांधता येत नसे, जिना उतरायचा तर पाठमोरं, एकेक पायरी. वल्ही मारून झाली, औषधी पाण्याचे झरे झाले, तुर्की पद्धतीची बाष्पस्नानं झाली. वर्षानुवर्षं हे चाललं आणि वजन हललं नाही. शेवटी ऐकू येईना म्हणून तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. या डॉक्टरांनी, म्हणजे विल्यम हार्वे यांनी, पॅरिसमध्ये क्लोद बर्नार्ड यांची व्याख्यानं ऐकली होती. यकृत स्वतः साखर तयार करतं, हे बर्नार्ड यांनी दाखवून दिलं होतं. हार्वे यांनी दोन आणि दोन चार केले आणि पाव, साखर, बिअर, बटाटे, दूध, लोणी बंद करायला सांगितलं. सावकाश करत वर्षभरात बॅन्टिंग ४६ पौंडांनी उतरला आणि ऐकूही बरं येऊ लागलं. १८६३ साली त्यानं स्वतःच्या खर्चानं पत्रक छापलं आणि तो जगप्रसिद्ध झाला. हार्वे यांच्या वाट्याला मात्र सहव्यावसायिकांची चेष्टा आली, आणि आज रक्ताभिसरणवाल्या दुसऱ्याच विल्यम हार्वेंशी त्यांची गफलत होते. बॅन्टिंगच्या पथ्यात रोज भरपूर मद्याची मुभा होती, हा भाग मात्र अंबडच्या वाचकांनी घेऊ नये.

आता आपल्या ताटाकडे येऊ. ‘पोळी बंद केली, आता ज्वारीची भाकरीच खातो’ हे वाक्य मराठवाड्यात घरोघरी ऐकू येतं. १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं जवळपास ६८ ग्रॅम, गव्हाच्या कणकेत ६४, बाजरीत ६२. ज्वारीत तंतू भरपूर असतात, हे खरं. पण मध्यम भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे दोन भाकऱ्यांत कर्बोदकं ८०-९५ ग्रॅम झाली. वर भात असेल तर तो वेगळा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी इंडियाब सर्वेक्षणात दिसलं, की आपल्या रोजच्या उष्मांकांतले सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. त्याच अभ्यासातला २०२५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष तृणधान्यांच्या उत्साही प्रचारकांना आवडणार नाही. कर्बोदकांचं एकूण प्रमाण तेच ठेवून मैदा-भाताच्या जागी नुसतं गहू किंवा भरडधान्याचं पीठ आणल्यानं मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातल्या प्रथिनांना दिला, तिथे तो कमी दिसला. सरकारनं तृणधान्य वर्ष साजरं केलं ते चांगलंच, पण तिसरी भाकरी ज्वारीची आहे म्हणून ती पथ्याची होत नाही.

हे असं का, ते समजायला जुन्या वाड्यातलं पेव आठवावं. जमिनीखालच्या पेवात ज्वारी साठवायची. पेव भरलं की पोती ओसरीत, ओसरी भरली की माजघरात, आणि शेवटी देवघरातही पाय ठेवायला जागा नाही. शरीराचं पेव म्हणजे यकृत आणि स्नायू. यकृतात साखरेचा साठा साधारण १०० ग्रॅम मावतो, स्नायूंत त्याच्या चौपट. बैल, मोट, पायपीट होती तोवर स्नायूंतलं पेव रोज रिकामं व्हायचं. आता ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आहे. जास्तीच्या साखरेची यकृत चरबी करतं. ती आधी त्याच्यातच साठते आणि मग ओसंडून स्वादुपिंडात शिरते, म्हणजे इन्सुलिन तयार होतं त्या देवघरातच. न्यूकॅसल विद्यापीठाचे रॉय टेलर यांनी हा सिद्धांत मांडला आणि २०११ साली ११ मधुमेहींवर तपासला. दिवसाला ६०० कॅलरींचा, आठ आठवड्यांचा कडक आहार दिला. उपाशीपोटीची साखर सरासरी १६६ होती, ती एका आठवड्यात १०६ वर आली. सात दिवसांत! पुढे ३०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत, वजन उतरवण्याचा कार्यक्रम घेतलेल्यांपैकी ४६ टक्के जण वर्षाअखेरीस औषधाविना मधुमेहमुक्त पातळीवर होते.

‘पण मी कुठे लठ्ठ आहे?’ असं अंगानं काटक शेतकरी विचारतो. त्याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्या पोटावर दाखवलं आहे. २००४ साली लॅन्सेटमध्ये त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन यांनी एकमेकांशेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. हाडं, स्नायू सगळं कमी, पण चरबी त्या मानानं राखलेली. आईच्या पोटातच पेव लहान बांधलं गेलं, असं म्हणायला हरकत नाही.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या, मिलो ज्वारीच्या लाल भाकरीवर आणि सुकडीवर दिवस काढलेल्या माणसाला ‘अर्धी भाकरी सोड’ म्हणणं किती अवघड आहे, हे शहरी आहारतज्ज्ञांच्या लक्षात येत नाही. टोपल्यात भाकऱ्यांची चवड दिसणं ही त्या पिढीची श्रीमंती आहे. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ विकत आणावी लागते. जे फुकट आहे ते पोटात जाणारच, याला मनोबलाची कमतरता म्हणणं अन्यायाचं आहे.

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं नाव इथे यायलाच हवं, कारण मराठवाड्यात आहारावर बोलायचं तर त्यांना टाळता येत नाही. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेल्या दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून घेतलेला मंत्र म्हणजे दिवसात दोनदाच खा आणि ५५ मिनिटांत उरका. हा आहार कर्बोदकं मोजत नाही, खाण्याच्या वेळा मोजतो. विरुद्ध बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर, थोडं थोडं आणि वेळोवेळी खा म्हणणाऱ्या. मध्यंतरी लग्नाच्या पंगतीतही या दोघांवरून वाद झडत. माझा कल कुणाकडेच पूर्ण नाही. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांना वर्षभर कमी चरबी किंवा कमी कर्बोदकं अशा दोन गटांत ठेवलं. पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं आणि दुसऱ्याचं ६, म्हणजे फरक नगण्य. दोन्ही गटांत काहींचं २० किलोंहून जास्त उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. टेलर यांचा आहारही मुळात कमी उष्मांकांचा होता. त्यामुळे ‘इन्सुलिनचं रहस्य फक्त आम्हाला कळलं’ असं कुणी सांगू लागलं, की मी चष्मा पुसून घेतो. पण दीक्षितांच्या व्हॉट्सअॅप गटांत लोक आपले एचबीए१सीचे आकडे टाकतात आणि शेजारच्या गावातला माणूस त्यांना शाबासकी देतो, ती गोष्ट मला त्यांच्या सिद्धांतापेक्षा जास्त परिणामकारक वाटते. येलच्या मुलांना मिळाला तसा नकाशा तिथे मिळतो.

कर्बोदकं कमी करण्याचा एक व्यावहारिक फायदा मात्र मी मान्य करतो. परिणाम लगेच आकड्यात दिसतो. जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचून ग्लुकोमीटरवर बघा. एक दिवस दोन भाकऱ्या आणि पातळ वरण, दुसऱ्या दिवशी एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, घट्ट वरण, काकडीची कोशिंबीर, वाटीभर दही. दोन आकडे शेजारी लिहिले की भाषणाची गरज उरत नाही. ताटातला क्रमही बदलून बघा. न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या अभ्यासात ११ मधुमेहींनी तेच जेवण उलट्या क्रमानं खाल्लं, भाजी आणि प्रथिनं आधी, पाव शेवटी. जेवणानंतर तासाभराची साखर तेवढ्यानं ३७ टक्क्यांनी कमी भरली. आपण नेमकं उलटं करतो, वाफाळती भाकरी आली की ठेच्याबरोबर पहिली तिथेच संपते.

आणि यासाठी बदामाचं पीठ किंवा अॅव्होकॅडो लागत नाही. बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र डाळींसाठी ओळखलं जातं. बीडीएन-७११ सारखे तुरीचे वाण तिथलेच. तुरीच्या डाळीत प्रथिनं जवळपास २२ टक्के, म्हणजे ज्वारीच्या दुपटीहून जास्त. जालना जिल्ह्यातल्या मधुमेह्याचं पथ्य जिल्ह्याच्याच शिवारात पिकतं, फक्त ताटातली भाकरी आणि वरण यांची जागा अदलाबदल करायची आहे. हुरडा आणि अधिक महिन्यातलं धोंड्याचं जेवण हे दोन दिवस आधीच नकाशावर मांडून ठेवावेत. त्या दिवशी खायचं आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत, असं ठरलेलं असलं की एका पुरणपोळीपायी सगळं पथ्य मोडीत निघत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भाकरी अर्धी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. खाणं कमी आणि डोस तोच राहिला, तर साखर धोकादायक खाली जाते. डॅपाग्लिफ्लोझिन गटातली गोळी घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनीही स्वतःच्या मनानं कर्बोदकं तोडू नयेत. दरदरून घाम, हातांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी, आणि मीटरवर ७० च्या खाली आकडा, असं झालं तर त्या क्षणी पथ्य बाजूला ठेवायचं. १५ ग्रॅम साखर लगेच पोटात गेली पाहिजे, आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. एरवी मधुमेह्यानं मोसंबी सोलून, चोथ्यासकट खावी, रस काढून नाही. पण या एका वेळेला जालन्याच्या मोसंबीचा अर्धा पेला रस हेच औषध.