छायाचित्रातला तो मित्र आता कुठे असतो?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांची उमेदीची वर्षे गेली, अशा ज्येष्ठांच्या घरी जुन्या पेटीत वा कपाटाच्या तळाशी एखादे कृष्णधवल छायाचित्र बहुधा जपलेले असते. दोघे-तिघे तरुण, एकमेकांच्या खांद्यावर हात, पाठीमागे कारखान्याचे फाटक किंवा स्टुडिओतला रंगवलेला पडदा. घरच्यांना त्यांतला एकच चेहरा ओळखीचा वाटतो. बाकीचे 'अण्णांचे कोणी जुने मित्र' असतात. दिवाळीच्या साफसफाईत ते छायाचित्र हाती आले की अण्णा बराच वेळ ते न्याहाळत बसतात आणि घरातले कोणीतरी सहज म्हणून जाते, "राहू द्या आता, जुने उकरून काय उपयोग?"

उपयोग आहे. तारुण्यातल्या मैत्रीची आठवण ज्येष्ठांच्या मनाला आधार देते, हे वैद्यकशास्त्राने गेल्या काही दशकांत मान्य केले आहे. मात्र आठवण चाळवून तिथेच थांबू नये. छायाचित्रातला मित्र हयात असेल, तर त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट त्या कागदाच्या तुकड्यातूनच निघते. ती वाट चालण्यासाठी घरच्यांचा हात लागतो, आणि त्यासाठी हाताशी असलेला काळ फार मोठा नसतो.

गतकाळात रमणे हा आजार आहे काय?

एके काळी तसे मानले जात असे. योहानेस होफर या स्विस वैद्याने १६८८ साली आपल्या प्रबंधात 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द प्रथम योजला, तो एका रोगाचे नाव म्हणून. घरापासून दूर राहणारे तरुण गावाच्या ओढीने खंगत जातात, असे त्याचे निरीक्षण होते. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतही वृद्ध माणूस वारंवार मागचे बोलू लागला की ते बुद्धी क्षीण झाल्याचे लक्षण समजले जाई.

या समजाला अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली छेद दिला. उतारवयात माणूस आपल्या आयुष्याचा आढावा घेतो. काय साधले, काय राहिले, कोणाशी नाते जुळले, कोणाशी तुटले याचा मनाशी हिशेब मांडतो. हे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत हितकारकही आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. आज ज्याला 'स्मरणोपचार' म्हटले जाते, त्याचा पाया या विचारात आहे.

तारुण्याचीच आठवण अधिक का येते?

ज्येष्ठांना आयुष्यातले प्रसंग आठवण्यास सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातील प्रसंग इतर काळाच्या मानाने अधिक संख्येने सांगितले जातात, असे संशोधकांना वारंवार आढळले आहे. कारणेही समजण्यासारखी आहेत. पहिली नोकरी, पहिला पगार, गाव सोडून काढलेली पहिली रात्र, हे सारे याच वयात घडते. 'आपण कोण' हे ठरण्याचा काळही तोच. पहिलेपणाचे प्रसंग मनावर खोल उमटतात आणि पुढे वारंवार सांगितले गेल्याने अधिक पक्के होतात.

स्मृतिभ्रंशातही याचा प्रत्यय येतो. नव्या आठवणी आधी पुसल्या जातात आणि जुन्या दीर्घकाळ टिकतात, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ साली नोंदवले होते. सकाळी काय खाल्ले हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांना रातपाळीतल्या सोबत्याचे टोपणनाव अचूक आठवते, याचे नवल वाटायला नको. ते ढोंगही नव्हे, हट्टही नव्हे.

जालन्यातल्या मैत्रीचा पोत

'जालना सोने का पालना' ही म्हण या बाजारपेठेची जुनी ओळख सांगते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालची. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. बियाण्यांबरोबर पोलादानेही येथे बस्तान बसवले आणि जालन्याची सळई दूरवर जाऊ लागली.

या कारखान्यांसाठी भोकरदन, जाफराबाद, अंबड, परतूर, मंठा अशा तालुक्यांतून तरुण आले, तसे परप्रांतांतूनही आले. एका खोलीत चौघे-पाच जण, एका स्टोव्हवर आळीपाळीने स्वयंपाक, एकाची दिवसपाळी संपली की त्याच्याच अंथरुणावर दुसऱ्याची झोप. भट्टीच्या धगीपुढे काम करताना शेजारच्या माणसाच्या सावधपणावर आपला जीव अवलंबून असतो. अशा जागी जुळलेली मैत्री केवळ गप्पांची राहत नाही.

त्याआधीच्या पिढीची आठवण आणखी निराळी. १९७२ च्या दुष्काळात जे अठरा वर्षांचे होते, त्यांनी आज सत्तरी ओलांडली आहे. दुष्काळी कामावर एकत्र खडी फोडलेली, मिलोची भाकरी आणि सुकडी वाटून खाल्लेली ही माणसे. त्या दिवसांचे छायाचित्र क्वचितच कोणाकडे असेल. म्हणूनच पुढे हाती चार पैसे आल्यावर मित्रांनी मिळून काढलेले पहिले छायाचित्र त्यांना मोलाचे वाटते. आग्फा क्लिक-थ्री कॅमेऱ्याच्या एका रोलवर बाराच चित्रे निघत. त्या बारांतले एक ज्या मित्रासाठी खर्ची घातले, तो मित्र साधा नसणार, हे नातवंडांनी ध्यानात घ्यावे.

छायाचित्र पाहताना परीक्षा घेऊ नये

घरच्यांकडून प्रेमापोटीच एक चूक होते. छायाचित्र पुढे धरून विचारले जाते, "अण्णा, ओळखा पाहू हा कोण? वर्ष कोणते सांगा?" उत्तर आले नाही की अण्णा खजील होतात आणि छायाचित्र बाजूला सारतात. नाव व सन सांगणे ही स्मृतीची सर्वांत अवघड कामे आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करू नये.

त्याऐवजी सूनबाईंनी शेजारी बसून म्हणावे, "अण्णा, या फोटोत तुम्ही किती ऐटीत उभे आहात! हा सदरा कुठून शिवला होता?" किंवा, "तेव्हा डब्यात काय असायचे?" वास, चव, आवाज, कपडे यांच्या वाटेने आठवण सहज येते. भोंग्याचा आवाज आठवला की पाळी आठवते, पाळी आठवली की सोबती. नाव मागाहून आपोआप येईल. न आले तरी बिघडत नाही. तपशील चुकला तर दुरुस्त करण्याची घाई करू नये. एका वेळी एक-दोनच छायाचित्रे घ्यावीत. पंधरा-वीस मिनिटे पुरेशी होतात. मोतीबिंदू किंवा दृष्टिदोष असेल तर छायाचित्र मोठे करून छापून घ्यावे आणि खिडकीच्या उजेडात दाखवावे.

येथे अपेक्षा माफक ठेवावी, हेही सांगितले पाहिजे. स्मृतिभ्रंशातील स्मरणोपचारांविषयीच्या २२ अभ्यासांचा, म्हणजे सुमारे दोन हजार रुग्णांच्या माहितीचा, आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केला. संवाद, मनःस्थिती, जीवनमान यांवर काही चांगले परिणाम दिसले. पण ते लहान आणि सर्वत्र सारखे नव्हते. रुग्ण आणि नातेवाईक यांना एकत्र बसवलेल्या गटांत तर काही काळाने नातेवाइकांची चिंता किंचित वाढल्याचेही आढळले. तेव्हा काळजीवाहकांनी हा आणखी एक 'उपचार' म्हणून डोक्यावर घेऊ नये. ज्या दिवशी आपल्यालाही स्वस्थता आहे, त्या दिवशी बसावे.

आठवण दुखरी असेल तर

प्रत्येक छायाचित्र आनंद देईलच असे नाही. त्यातला एखादा मित्र अपघातात गेलेला असतो, एखाद्याशी पैशांवरून वा संघटनेच्या वादातून कायमचा अबोला धरलेला असतो. अशा वेळी डोळ्यांत पाणी आले तर विषय झटकन बदलू नये. हातावर हात ठेवून, "फार जवळचे होते ना तुमच्या?" एवढे म्हणणे पुरते.

मित्राच्या मृत्यूची बातमी लपवण्याची रीत अनेक घरांत आहे. "त्यांना झेपणार नाही," असे आपण परस्पर ठरवतो. बुद्धी शाबूत असलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत हे अन्यायाचे आहे. ज्याच्याबरोबर तारुण्य काढले, त्याच्या घरी सांत्वनाला जाण्याचा, निदान दोन शब्द बोलण्याचा त्यांचा हक्क आहे. बातमी सकाळच्या वेळी, शेजारी बसून, स्पष्ट शब्दांत सांगावी आणि त्या दिवशी त्यांना एकटे ठेवू नये.

स्मृतिभ्रंश झालेल्यांची गोष्ट वेगळी. ते तोच प्रश्न पुन्हा विचारतील, आणि प्रत्येक वेळी मृत्यू सांगितला तर त्यांच्यासाठी तो नव्यानेच घडेल. तेथे भावनेला उत्तर द्यावे: "त्यांची आठवण येते का? ते काय गाणे म्हणायचे, सांगा ना."

दुःख दोन आठवड्यांहून अधिक टिकले, झोप व भूक गेली, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येऊ लागली, तर ती केवळ आठवण राहिलेली नाही. त्वरित डॉक्टरांना दाखवावे. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते. ज्येष्ठ नागरिकांसाठीची 'एल्डरलाइन' १४५६७ या क्रमांकावर आहे.

मित्राचा शोध

आता मुख्य कामाकडे वळू. सामाजिक नाती आणि आयुर्मान यांविषयीच्या १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. ज्यांची नाती भक्कम, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे पन्नास टक्क्यांनी अधिक आढळली. आणि तरीही जुन्या मित्राला फोन करताना हात अडखळतो. "त्याला काय वाटेल? ओळख देईल का?" २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत या संकोचाचा अभ्यास झाला. आपण आठवण काढल्याने समोरच्याला जेवढा आनंद होईल असे आपल्याला वाटते, त्याहून प्रत्यक्षात तो अधिक होतो, असे त्यातून दिसले. बऱ्याच काळाने आलेला अनपेक्षित निरोप तर विशेष सुखावतो.

शोधाची सुरुवात छायाचित्राच्या मागच्या बाजूने करावी. स्टुडिओचा शिक्का, तारीख, एखादे गाव तेथे सापडते. त्यानंतर त्याच पाळीतले अन्य निवृत्त कामगार, जुन्या भाड्याच्या खोलीचे घरमालक, मित्राच्या मूळ गावची मंडळी यांच्याकडे चौकशी करावी. निवृत्तिवेतनाच्या कामासाठी किंवा हयातीच्या दाखल्यासाठी ज्येष्ठ जेथे जमतात, तेथेही धागा लागतो.

आईच्या किंवा आजीच्या मैत्रिणीचा शोध अधिक कठीण असतो. लग्नानंतर आडनाव बदलले, पुष्कळदा नावही बदलले. त्यामुळे शाळेतली मैत्रीण कागदोपत्री जणू नाहीशीच झाली. तिचा माग माहेरच्या वाटेनेच लागतो. भाऊ, भावजय, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा यांना विचारावे. स्त्रियांच्या तरुणपणीच्या मैत्रीची छायाचित्रे मुळातच थोडी. घरात एखादे असेल, तर त्याबद्दल तिला आजवर कोणी विचारलेही नसेल. तिला अवश्य विचारावे.

संपर्क झाल्यावर पहिला फोन मुलाने वा सुनेने करावा, प्रकृतीची चौकशी करावी आणि मग दोघांना बोलू द्यावे. गिरणीत, भट्टीवर, रोलिंग मिलमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्यांची श्रवणशक्ती मंदावलेली असते. मोठ्या आवाजात काम केल्याने प्रथम उंच पट्टीतले ध्वनी ऐकू येईनासे होतात. अशांना साध्या फोनवर शब्द लागत नाहीत आणि ते "बरं, बरं" म्हणून गप्प होतात. त्यांच्यासाठी समोरचे ओठ दिसतील असा व्हिडिओ कॉल बरा, आणि प्रवास झेपत असेल तर प्रत्यक्ष भेट सर्वांत उत्तम. कानाची तपासणीही या निमित्ताने करून घ्यावी.

एक सावधगिरी हवी. छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकताना घरचा पत्ता आणि फोन क्रमांक देऊ नये. 'मी तुमचा जुना मित्र' म्हणत पैसे किंवा ओटीपी मागणारा मनुष्य मित्र नसतो.

छायाचित्राची निगा

जुने छायाचित्र लॅमिनेट करू नये, त्याला चिकटपट्टी लावू नये. ओल आणि ऊन यांपासून दूर, कागदी पाकिटात ठेवावे. मागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलीने, दाब न देता. मोबाइलने प्रत काढताना फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या सौम्य उजेडात काढावी. पूर्वीचे रंगीत छायाचित्र कृष्णधवलापेक्षा लवकर विटते; म्हणून त्याची प्रत आधी काढावी.

नावे लिहिण्याचे काम मात्र लांबणीवर टाकू नये. चौघांपैकी तिघांची नावे घरात एकाच माणसाला ठाऊक असतात, आणि तो माणूस ऐंशीच्या घरात असतो. या रविवारी पेटी उघडावी, अण्णांच्या शेजारी बसावे, नावे उतरवून घ्यावीत आणि शेवटी विचारावे, "यांच्यापैकी कोणाशी बोलावेसे वाटते तुम्हाला?"