श्वानपालन आणि विश्वास : पुनावळ्यातील बदलती राहणी

पवनेकाठचे पुनावळे हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले. पुढे हिंजवडीतील माहिती तंत्रज्ञान उद्योग आणि भोवतालचे कारखाने यांमुळे येथे बहुमजली वसाहती उभ्या राहिल्या. शेतावरच्या वस्तीत कुत्रा गोठ्यापाशी, अंगणात, माणसांच्या पायांत वावरत असे. तो क्वचितच एकटा पडे. आज सदनिकेतील कुत्रा, मग तो लॅब्रॅडॉर असो की गावठी, घरची मंडळी कामावर गेली की आठ-दहा तास बंद दाराआड काढतो. सतत भुंकणे, दार ओरबाडणे, गाद्या फाडणे, उद्वाहनात शेजाऱ्यावर गुरगुरणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा याच बदलात सापडते.

अशा वेळी ‘कुत्रा डोक्यावर बसला आहे, त्याला धाक हवा’ असा सल्ला हमखास मिळतो. या समजुतीमागे जुने संशोधन आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांवरून कळपातील वर्चस्वाच्या झगड्याचे वर्णन केले. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथामुळे ती कल्पना जगभर पोहोचली. परंतु मुक्त लांडग्यांचा प्रदीर्घ अभ्यास केल्यावर १९९९ साली मेक यांनीच दाखवून दिले की, रानातील कळप हे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते. शास्त्रज्ञाने आपले मत बदलले. काठी मात्र अनेक घरांतून अद्याप गेलेली नाही.

वास्तविक चावऱ्या कुत्र्यांपैकी पुष्कळ कुत्री भित्री असतात. गुरगुरणे ही धमकी वाटली तरी ती पूर्वसूचना होय. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो. भीती तशीच राहते आणि पुढच्या खेपेस तो सूचना न देता चावतो. जाणत्या मालकाने अशा वेळी आवाज न चढवता कुत्र्याला भीतीच्या कारणापासून दूर न्यावे. पाहुण्यांना बिचकणारा कुत्रा जेवढ्या अंतरावर शांत राहतो, तेवढ्या अंतरावर त्याला आवडीचा खाऊ द्यावा आणि काही दिवसांनी ते अंतर थोडे कमी करावे. पाहुण्याने कुत्र्याकडे जाऊ नये; यायचे की नाही हे कुत्र्याला ठरवू द्यावे.

एकटेपणाची सवयही अशीच टप्प्याटप्प्याने लावावी लागते. प्रथम दाराबाहेर क्षणभर थांबून परतावे, मग मिनिटभर, मग पाच मिनिटे. कुत्रा व्याकूळ होण्याआधी परत येणे हे यातील मर्म होय. किल्ल्यांचा आवाज होताच थरथरू लागणाऱ्या कुत्र्यासाठी घराबाहेर न पडताच दिवसातून अनेकदा किल्ल्या उचलून ठेवाव्यात. घरी परतल्यावर फाटलेली उशी दाखवून मारणे निरर्थक आहे. त्या माराचा संबंध कुत्रा दुपारच्या कृत्याशी जोडत नाही. तो धन्याच्या येण्याशी जोडतो.

कारखान्यातील कामगाराची पाळी दर आठवड्याला बदलते, तेव्हा नियमितपणा कोठून आणावा, हा प्रश्न या पट्ट्यात रास्तच आहे. घड्याळ बदलले तरी क्रम तोच ठेवता येतो. आधी फेरी, मग जेवण, मग विश्रांती आणि त्यानंतर धन्याचे जाणे, असा क्रम सहसा मोडू नये. पुढे काय होणार हे कळू लागले की कुत्र्याची अस्वस्थता कमी होते.

विश्वास केवळ खाऊने विकत मिळतो असेही नाही. कोलकाता येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली रस्त्यावरील कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की, अनोळखी माणसाशी वारंवार भेट झाल्यास खाद्यापेक्षा अंगावरून फिरवलेल्या हाताने त्यांचा विश्वास अधिक दृढ होतो. पोलिसांच्या श्वानपथकांचा अनुभवही बोलका आहे. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र पुण्यातच, शिवाजीनगर येथे आहे. या कामात श्वान आणि त्याचा हस्तक यांची जोडी महत्त्वाची मानली जाते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या काळात तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधून देणारा ‘झंजीर’ हा लॅब्रॅडॉर सर्वांना ठाऊक आहे. वास घेण्याचे काम दांडक्याने करवून घेता येत नाही.

पिल्लाच्या बाबतीत साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ मोलाचा, हे स्कॉट व फुलर यांच्या १९६५ च्या ग्रंथाने दाखवले. या काळात माणसे, मुले, वाहनांचे आवाज यांची सौम्य ओळख करून द्यावी. प्रौढ कुत्र्याचे वर्तन एकाएकी बिघडल्यास मात्र प्रथम पशुवैद्यकाला दाखवावे. कानाचे दुखणे किंवा सांधेदुखी हेही चिडचिडीचे कारण असू शकते.

कोणत्याही कुत्र्याने चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाळीव कुत्र्याचे रेबीज प्रतिबंधक लसीकरण आणि महानगरपालिकेचा परवाना या गोष्टी मालकाच्या जबाबदारीच्या आहेत. गृहनिर्माण संस्थांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. उद्वाहनात लहान मूल किंवा वृद्ध व्यक्ती असेल, तर आपला कुत्रा आखूड पट्ट्यावर धरून पुढच्या फेरीची वाट पाहण्यास फार तर दोन मिनिटे लागतात.