उतारवयातील घर आणि माणसे

आर्णी तालुक्यातील उमरी पठार येथील संत दोला महाराज वृद्धाश्रम यवतमाळ जिल्ह्यात परिचित आहे. वृद्धाश्रमात राहणाऱ्यास समाज निराधार समजतो. परंतु मुलाच्या पुण्यातील सुसज्ज सदनिकेतही निराधारपण वाट्याला येऊ शकते, याकडे सहसा लक्ष जात नाही.

दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी येथील कित्येक जैन कुटुंबांत मुले पुण्या-बंगळुरूस स्थिरावली, दुकान आवरले गेले आणि आईवडील मुलांच्या मागोमाग गेले. तेथे उणीव कशाचीच नसते. मात्र चौविहार पाळणाऱ्या आजींचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपते आणि मुलगा-सून रात्री नऊला घरी येतात. एका घरात राहूनही पंगत एक होत नाही. गावी स्थानकात किंवा मंदिरात रोजची चार माणसे भेटत. एखादा दिसला नाही, तर दुपारपर्यंत कोणीतरी घरी चौकशीला येई. या चौकशीचे मोल औषधाहून कमी नव्हे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून चाललेल्या अभ्यासात, पन्नाशीत नातेसंबंधांविषयी जे समाधानी होते, तेच ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले. कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून एवढा अंदाज बांधता आला नव्हता.

दुसरा प्रश्न मालकीचा. अनेक वडील हयातीतच राहते घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावे करतात आणि दस्तात सांभाळाची अट घालण्यास संकोचतात. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळविता येते. परंतु अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. अट लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. व्यापारात सख्ख्या भावांच्या भागीदारीचाही करार होतोच. त्याहून उत्तम म्हणजे घर अखेरपर्यंत स्वतःच्या नावे ठेवावे आणि मृत्युपत्र करावे.

घर आपले राहिले की परतीची वाटही मोकळी राहते. काही कुटुंबांनी तसा मध्यम मार्ग काढला आहे. चातुर्मासात आजी-आजोबा गावी राहतात, रोज प्रवचनास जातात. उरलेले आठ महिने मुलाकडे. पर्युषणात मुलगा, सून आणि नातवंडे गावी येतात. तेवढे दिवस सारे घर सूर्यास्तापूर्वी एकत्र जेवते.