दोन चॅम्पियन्स लीग मेडल, फायनलमध्ये शून्य मिनिटं: जेर्दान शाकिरीची गोष्ट

आज सुरुवात एका कोड्यापासून करू. एका फुटबॉलरकडे चॅम्पियन्स लीगची दोन मेडल्स आहेत. एक 2013 चं, बायर्न म्युनिककडून. दुसरं 2019 चं, लिव्हरपूलकडून. आता सांगा, या दोन फायनल मिळून तो मैदानावर किती मिनिटं होता? शून्य! दोन्ही वेळा तो बेंचवरच बसून राहिला. मग ती मेडल्स त्याची म्हणायची की नाही?

आपल्या क्रिकेटवाल्यांना हा प्रश्न नवा नाही. 1983 च्या वर्ल्ड कप जिंकणाऱ्या टीममध्ये सुनील वॉल्सनही होते, पण त्यांना एकही मॅच खेळायला मिळाली नाही. आपला आजचा हिरो मात्र थोडा वेगळा आहे. स्वित्झर्लंडचा विंगर, जेर्दान शाकिरी.

शाकिरीचा जन्म 1991 चा, कोसोव्होतल्या जिलान गावचा. तो अगदी तान्हा असताना त्याचं अल्बेनियन कुटुंब स्वित्झर्लंडला गेलं. बाझल शहराजवळ ऑग्स्ट नावाचं छोटं गाव आहे, तिथे ते राहिले. वडील आधी रेस्टॉरंटमध्ये, मग बांधकामावर. आई ऑफिसांची साफसफाई करायची. पोरगा लहानपणीच एफसी बाझलच्या अकादमीत गेला, 2009 मध्ये मुख्य टीममध्ये आला आणि 2010, 2011, 2012 अशी सलग तीन वर्षं लीग जिंकूनच बाहेर पडला. वय तेव्हा फक्त 20. मग बायर्नने त्याला उचललं.

इथे जरा थांबू, कारण पुढची सगळी गोष्ट एका साध्या मुद्द्यावर उभी आहे. शाकिरी आहे डावखुरा, म्हणजे डाव्या पायाचा. आणि त्याची आवडती जागा उजवी विंग. उलटं वाटतं ना? जुन्या पद्धतीचा विंगर उजव्या पायाचा असला तर उजवीकडून लाइनीला धरून पळायचा आणि क्रॉस टाकायचा. पण उजवीकडे डावखुरा खेळाडू ठेवला की तो बॉल घेऊन आत वळतो, गोलपोस्ट समोर दिसतो आणि तगडा पाय शॉटसाठी तयार असतो. शाकिरीची उंची जेमतेम 169 सेंटिमीटर, पण मांड्या पैलवानाच्या. धक्का मारला तरी पडत नाही आणि वळून बंदुकीसारखा शॉट मारतो.

आता गंमत बघा. बायर्नमध्ये त्या जागेवर कोण होतं? आर्यन रॉबेन. डावखुरा, उजव्या विंगवर, आत वळून शॉट. लिव्हरपूलमध्ये कोण? मोहम्मद सलाह. पुन्हा तेच! म्हणजे शाकिरी कमी पडला असं सरळ म्हणता येत नाही. ज्या एका कामात तो पटाईत होता, त्या कामातले जगातले अव्वल खेळाडू दोन्ही वेळा त्याच्या आधी रांगेत उभे होते.

बायर्ननंतर तो जानेवारी 2015 मध्ये इंटर मिलानला गेला आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या स्टोक सिटीत. स्टोकमध्ये तो रोज खेळायचा, पण 2018 मध्ये टीमच खालच्या डिव्हिजनला घसरली. एकीकडे मोठा क्लब आणि बेंच, दुसरीकडे छोटा क्लब आणि मैदान. पहिल्या जॉबच्या ऑफर हातात असलेल्यांना हा पेच चांगलाच कळेल!

तरी बेंचवरून उठून त्याने काय केलं तेही बघू. डिसेंबर 2018, लिव्हरपूल विरुद्ध मँचेस्टर युनायटेड, स्कोअर 1-1. शाकिरी 70 व्या मिनिटाला आत आला आणि दहा मिनिटांत दोन गोल. मॅच 3-1. दोन दिवसांत युनायटेडने कोच जोझे मोरिन्योला काढून टाकलं. मग मे 2019, बार्सिलोनाविरुद्ध सेमीफायनल. पहिली मॅच लिव्हरपूल 0-3 हरलेलं. सलाह आणि फिर्मिनो जखमी, म्हणून शाकिरी सुरुवातीपासून मैदानात. डावीकडून त्याने टाकलेल्या क्रॉसवर वाइनाल्डमने हेडर मारला आणि एकूण स्कोअर 3-3 झाला. शेवटी लिव्हरपूल ती मॅच 4-0 जिंकलं. आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजले होते, पण जागे राहिलेल्यांना झोप कुठली! ही मॅच नसती तर फायनलही नसती. त्यामुळे ते दुसरं मेडल? माझ्या मते पूर्ण त्याचं.

आणि देशासाठी खेळताना तर त्याच्यापुढे रांगच नव्हती. 2014 च्या वर्ल्ड कपमध्ये होंडुरासविरुद्ध हॅटट्रिक. 2016 च्या युरोमध्ये पोलंडविरुद्ध हवेत उलटं होऊन मारलेली ती बायसिकल किक. 2014 ते 2024, तीन वर्ल्ड कप आणि तीन युरो, या सहाही स्पर्धांत त्याचा गोल आहे. एकूण 125 मॅचेस, 32 गोल.

यातला एक गोल महागात पडला. 2018 वर्ल्ड कप, समोर सर्बिया. कोसोव्होने 2008 मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, पण सर्बियाने ते मानलेलं नाही. 90 व्या मिनिटाला शाकिरीने विजयी गोल मारला आणि दोन्ही हातांनी अल्बेनियाच्या झेंड्यावरचा दोन डोक्यांचा गरुड करून दाखवला. फिफाने 10,000 स्विस फ्रँकचा दंड ठोकला. राजकीय इशारा म्हणून तो चूक होता, असं म्हणता येईल. पण जर्सी एका देशाची आणि जन्मगाव दुसऱ्या देशात असलेल्या पोराच्या तोंडून त्या क्षणी काय निघणार होतं, हाही विचार करा.

पुढे ल्यों, मग शिकागो. आणि ऑगस्ट 2024 मध्ये, 32 व्या वर्षी, तो बाझलला परत आला. लोकांना वाटलं, आता निवृत्तीची तयारी. झालं उलटंच. त्या सीझनमध्ये बाझलने 2017 नंतर पहिल्यांदा लीग जिंकली, कपही जिंकला आणि 18 गोल मारून लीगचा टॉप स्कोअरर ठरला शाकिरीच.

म्हणजे फायनलच्या बेंचवरचं मेडल खोटं नाही. पण या ट्रॉफीच्या वेळी मात्र तो मैदानात होता. तुमच्या मते यातली कुठली मोठी? विचार करून ठेवा, पुढच्या एपिसोडमध्ये बोलूच!