पातळ, हलका लॅपटॉप घ्यायचाय? आधी पेठमध्ये बसून विचार करा

पेठ म्हटलं की पुणेकरांच्या डोळ्यांपुढं सदाशिव, नारायण, शनिवार अशी रांग उभी राहते. पण पुणे-नाशिक हायवेनं राजगुरुनगर मागं टाकून खेड घाट चढलात की आणखी एक पेठ लागते. आंबेगाव तालुक्यातलं, सातगाव पठारावरचं पेठ गाव. पावसाळी बटाट्यासाठी हे पठार ओळखलं जातं.

आता तुम्ही म्हणाल, बटाट्याच्या पठाराचा आणि महागड्या बिझनेस लॅपटॉपचा काय संबंध?

तर संबंध आहे. लॅपटॉपची जाहिरात बघितली की काचेचं ऑफिस, कॉफीचा कप आणि विमानतळ दिसतो. पण पाठीवर लॅपटॉप टाकून रोज फिरणारा माणूस फक्त विमानतळावर नसतो. इथून चाकणच्या एमआयडीसीत जाणारा इंजिनिअर असतो. बियाणं नाहीतर खत कंपनीचा प्रतिनिधी गावोगाव बाईकवर फिरतो. जीएसटीची रिटर्न भरून देणारा मंचर आणि राजगुरुनगरच्या मध्ये हेलपाटे घालतो. अवसरीच्या शासकीय अभियांत्रिकी कॉलेजातून पास होऊन पहिली नोकरी धरलेली पोरंही यातच आली.

या सगळ्यांना हलका लॅपटॉप हवाच असतो. पण साठ-सत्तर हजार रुपये, तेही बऱ्याचदा हप्त्यावर, टाकल्यावर नुसतं 'पातळ आहे' एवढ्यावर भागत नाही. म्हणून नेमकं बघायचं काय, ते समजून घेऊ.

हे पातळ होण्याचं वेड आलं कुठून?

जानेवारी २००८. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनी स्टेजवर कागदी पाकिटातून लॅपटॉप बाहेर काढला. तो पहिला मॅकबुक एअर. वजन १.३६ किलो. जगभर चर्चा झाली. पण त्यात सीडी ड्राइव्ह नव्हता, नेटवर्कची वायर लावायला जागा नव्हती, यूएसबी पोर्ट एकच होता आणि रॅम वाढवता येत नव्हती.

मग २०११ मध्ये इंटेलनं 'अल्ट्राबुक' ही कल्पना आणली. जाडी किती असावी, बॅटरी किती चालावी याचे नियम घालून दिले आणि विंडोज लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्याही या शर्यतीत उतरल्या. आज १४ इंची स्क्रीनचा, सव्वा ते दीड किलोचा लॅपटॉप नवलाचा राहिलेला नाही.

पण २००८ चा हिशोब आजही तोच आहे. जाडी कमी करायची तर काहीतरी काढावं लागतं. काय काढलंय, हे जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं.

१. वजन चार्जरसकट मोजा

१.३ किलोचा लॅपटॉप आणि ३०० ग्रॅमचा चार्जर म्हणजे पाठीवर १.६ किलो. जुन्या पद्धतीचा २.२ किलोचा लॅपटॉप आणि त्याचा ६०० ग्रॅमचा विटेसारखा चार्जर म्हणजे २.८ किलो. फरक सव्वा किलोच्या आसपास. एसटीत उभ्यानं जाताना किंवा बाईकवर तासभर बसल्यावर तो खांद्याला बरोबर कळतो.

म्हणून यूएसबी टाइप-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप बघा. ६५ वॉटच्या एकाच चार्जरवर लॅपटॉप आणि फोन दोन्ही भागतात. चार्जर घरी राहिला तरी दुसऱ्या कुणाचा तरी मिळण्याची शक्यता जास्त असते.

२. 'बॅटरी १८ तास' यावर जाऊ नका

असे आकडे बऱ्याचदा स्क्रीनचा उजेड कमी ठेवून, व्हिडिओ चालवून काढलेले असतात. तुम्ही बघायचा आकडा वेगळा. तो 'वॉट-अवर'मध्ये असतो.

गणित सोपं आहे. बॅटरी ५० वॉट-अवरची आहे आणि लॅपटॉप एक्सेल-ईमेलच्या कामाला सरासरी ६ वॉट खातो, तर ५० भागिले ६, म्हणजे आठ तास. तोच लॅपटॉप व्हिडिओ कॉलवर, मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून १२ वॉट खायला लागला की उरले चार तास.

त्यात बॅटरी दरवर्षी थोडी थोडी उतरत जाते. गावात लाइट गेली की परत यायची वेळ सांगता येत नाही, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास कुठं जातात ते कळत नाही. त्यामुळं आज गरजेपेक्षा जास्त वाटणारी बॅटरीच दोन वर्षांनी पुरेशी ठरते.

३. प्रोसेसर तोच, पण वेग वेगळा

दोन लॅपटॉपमध्ये अगदी एकच प्रोसेसर असला तरी दोन्ही सारखे पळत नाहीत. कारण उष्णता. पातळ बॉडीत पंखा छोटा, हवेला वाट कमी. पहिली काही मिनिटं लॅपटॉप सुसाट चालतो, मग तापायला लागला की स्वतःचा वेग कमी करून घेतो.

ईमेल, टॅली, एक्सेल, मीटिंग एवढंच काम असेल तर हा फरक जाणवणारही नाही. पण कॅडवर मोठी डिझाइन उघडायची असतील किंवा व्हिडिओ एडिट करायचे असतील, तर थोडा जाड लॅपटॉप घ्या. तिथं पातळपणाचे पैसे देऊन हळू चालणारं मशीन पदरात पडतं.

४. रॅम नंतर वाढवू? बहुतेक नाहीच वाढणार

बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. म्हणजे चिकटली ती चिकटली. आज पैसे वाचवायला ८ जीबी घेतली आणि दोन वर्षांनी लॅपटॉप अडकायला लागला, तर उपाय एकच उरतो, नवा लॅपटॉप. म्हणून बिझनेसच्या कामाला थेट १६ जीबी घ्या. स्टोरेज म्हणजे एसएसडी मात्र बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये बदलता येते. त्यात हात आखडता घेतला तरी चालेल.

५. भोकं मोजा

हसू नका, इथंच घोटाळा होतो. टेंडर भरायला डिजिटल सिग्नेचरचा टोकन लागतो आणि तो बहुतेक वेळा जुन्या चौकोनी यूएसबीचा असतो. कारखान्यातल्या मशीनला लॅपटॉप जोडायला नेटवर्कची वायर लागते. ग्रामपंचायतीच्या नाहीतर कॉलेजच्या प्रोजेक्टरला एचडीएमआय लागते. आणि लॅपटॉपला नुसते दोन टाइप-सी पोर्ट!

मग ॲडॉप्टर घ्या, तो सांभाळा, नेमका कामाच्या दिवशी घरी विसरा. आपण महिन्याभरात लॅपटॉपला काय काय जोडतो याची यादी करून दुकानात जा.

६. उन्हात दिसतं का?

शोरूमच्या उजेडात सगळेच स्क्रीन भारी दिसतात. स्क्रीनचा उजेड 'निट्स'मध्ये मोजतात. २५० निट्सचा स्क्रीन घरात ठीक, पण शेताच्या बांधावर किंवा ओट्यावर बसून काम असेल तर ४०० निट्सच्या आसपासचा आणि न चमकणारा, मॅट स्क्रीन बघा. चकचकीत स्क्रीनवर आकडे कमी आणि स्वतःचं तोंड जास्त दिसतं.

७. लॅपटॉप हरवला तर माहिती कुणाची?

लॅपटॉप गेला तर पैसे जातात. पण त्यात पन्नास लोकांचे पॅन, आधार, बँकेचे तपशील असतील तर विश्वासही जातो. बिझनेस लॅपटॉपमध्ये विंडोजची 'प्रो' आवृत्ती घ्यायचं एक मोठं कारण म्हणजे बिटलॉकर. हे चालू असेल तर ड्राइव्ह काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी आतलं वाचता येत नाही. फक्त त्याची रिकव्हरी की लॅपटॉपमध्येच ठेवू नका, वेगळी जपून ठेवा.

८. सगळ्यात महत्त्वाचं: बिघडल्यावर कोण येणार?

पुण्यात राहणारा माणूस ऑफिस सुटल्यावर सर्व्हिस सेंटरला जाऊन येतो. पेठमधून पुण्याला जायचं म्हणजे एक दिवस मोडला. लॅपटॉप ठेवून आलात तर आणायला जाताना दुसरा दिवस. आणि मधले दिवस काम बंद.

त्यामुळं 'ऑनसाइट वॉरंटी' हा शब्द लक्षात ठेवा. म्हणजे माणूस तुमच्या पत्त्यावर येऊन दुरुस्ती करतो. पण बॉक्सवर ऑनसाइट लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. कंपनीला तुमचा पिनकोड सांगा आणि तिथं ही सेवा मिळते का, हे खरेदीआधी ईमेलवर लेखी घ्या. पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी, कीबोर्ड, रॅम सगळं दाटीवाटीनं बसवलेलं असतं. गल्लीतल्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्यालाही दर वेळी ते जमेलच असं नाही.

बजेट नसेल तर?

मोठ्या कंपन्यांनी काही वर्षं वापरून काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असे लॅपटॉप रिफर्बिश्ड म्हणून विकले जातात. हा पर्याय वाईट नाही, पण तीन गोष्टी तपासा.

एक, विंडोज ११ अधिकृतपणे चालतं का. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. दोन, विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही कळतात. तीन, बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना, ते बघा.

आणि नवा घेतलात, जीएसटी नोंदणी असेल तर बिल आपल्या जीएसटी नंबरवरच घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ८० हजारांच्या बिलात साधारण १२,२०० रुपये कराचे असतात. लॅपटॉप धंद्यासाठी असेल आणि तुम्ही नियमित योजनेत असाल तर त्याचं इनपुट क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाही.

थोडक्यात क्रम असा लावा: आधी सर्व्हिस, मग रॅम आणि बॅटरी, मग पोर्ट आणि स्क्रीन, त्यानंतर वजन. जाडी सगळ्यात शेवटी. पाठीवरच्या बॅगेला लॅपटॉप १५ मिलिमीटरचा आहे की १८ चा, हे कळत नाही. पण ऐन हंगामात तो बंद पडला, तर हप्ता भरणाऱ्याला नक्की कळतं.