नळाचा सामू सात, पाइपाच्या भिंतीचा किती?

भांडुपच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी मुंबई महापालिकेचं जलशुद्धीकरण संकुल आहे. वैतरणा-तानसाचं पाणी तिथे गाळलं जातं, त्यात क्लोरीन मिसळतं आणि ते शहराकडे निघतं. रूळ ओलांडून पूर्वेला, खाडीकाठी सांडपाण्याचं पंपिंग स्टेशन आहे. हिवाळ्यात लोक तिकडे फ्लेमिंगो बघायला जातात. महापालिकेच्या सांडपाणी प्रकल्पात भांडुपच्या वाट्याला रोज २१.५ कोटी लिटरचं प्रक्रिया केंद्र आलं आहे. पाणी कुठून येतं आणि वापरून झाल्यावर कुठे जातं, ही दोन्ही टोकं एका उपनगरात सापडतात.

दोन्हीकडे पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, मोजतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ६.५ ते ८.५ आहे. तो आकडा चुकीचा नाही, पण तो वाहत्या पाण्याचा आहे. जिवाणूंची खरी वस्ती असते भिंतीवरच्या बुळबुळीत थरात. हा थर जिवाणूंनी स्वतःच विणलेला असतो आणि बाहेरचं पाणी आत सावकाश झिरपतं. खालच्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही. त्यांनी सोडलेली आम्लं तिथेच साचतात.

मग आत मोजायचं कसं? जुनी रीत म्हणजे काही मायक्रोमीटर टोकाची काचेची सुई. सूक्ष्मदर्शकाखाली ती थरात एकेक पायरी उतरवायची, प्रत्येक पायरीला थांबायचं, आकडा लिहायचा. अडचण अशी की सुई जिथे घुसते तिथला थर फाटतो, आणि कळतो तो एकाच उभ्या रेषेचा हिशेब. म्हणून आम्लतेनुसार चमकेचा रंग बदलणारी द्रव्यं आली. नुसती चमक मोजून भागत नाही, कारण थर जाड असला तरी चमक वाढते. त्यासाठी दोन रंगांचं गुणोत्तर काढतात. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात हंटर आणि बेव्हरिज यांनी २००५ साली ‘स्युडोमोनास’ जिवाणूच्या थराचा असा त्रिमितीय नकाशा केला. बाहेरच्या द्रवाचा सामू ७, आत मात्र ५.६ पर्यंत उतरलेला. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, म्हणजे आम्लता साधारण पंचवीस पट.

याचा नळाशी थेट संबंध आहे. सामू जितका कमी तितका क्लोरीन जंतूंना अधिक मारक, म्हणजे आतल्या आम्लतेत त्याचं काम उलट सोपं व्हायला हवं. पण क्लोरीन तिथवर पोचतच नाही. वरच्या पापुद्र्यातच तो खर्ची पडतो, हे १९९४ मध्ये सूक्ष्म सुयांनीच दाखवलं गेलं. त्यात आपल्याकडे पाणी ठरावीक तासच येतं, आणि दर वेळी येणाऱ्या लोंढ्याने भिंतीवरचा थर सुटू शकतो. हुबळी-धारवाडच्या अशाच पुरवठ्याचा अभ्यास एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन यांनी केला. पुरवठा सुरू होताना येणारं पहिलं पाणी अधिक गढूळ असल्याचं त्यात आढळलं. जुन्या चाळीतल्या कोणत्याही आजीला हे ठाऊक आहे, पण मोजमाप झालं हे बरं.

पूर्वेच्या टोकाला तर आम्लच मालक. गटाराच्या तळाच्या थरात तयार झालेला हायड्रोजन सल्फाइड वर छताला जातो. तिथल्या दमट थरातले जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात. मेलबर्नचे सी. डी. पार्कर यांनी १९४५ मध्ये हे जिवाणू वेगळे करून दाखवले. ताज्या काँक्रीटचा सामू १२-१३ असतो. छतावर तो १-२ पर्यंत घसरतो आणि काँक्रीट खडूच्या लगद्यागत सुटतं. खालून वाहणाऱ्या सांडपाण्याचा सामू तेव्हाही सातच्या आसपास असू शकतो.

१८ जुलै २०२१ च्या पावसात भांडुप संकुलातच पाणी शिरलं आणि महापालिकेला पाणी उकळून पिण्याचं आवाहन करावं लागलं. अशा संकटांची बातमी होते. भिंतीवरच्या थराची होत नाही. नव्या जलवाहिन्या आणि मलवाहिन्या टाकताना थराच्या मोजणीसाठी भिंतीवर काढून तपासता येतील असे नमुना-तुकडे बसवावेत. मोजायला हाकेच्या अंतरावर पवईला आयआयटी आहे.

आपल्या हाती सोसायटीची टाकी आहे. ती धुवायला माणसं येतील तेव्हा नुसतं पाणी बदलून घेऊ नका. भिंती आणि तळ घासून घ्या.