चावी तुटली म्हणजे लॉक गेलं असं नाही

इग्निशनमध्ये चावी तुटली की लोक आधी घाबरतात, मग घाई करतात. खरं नुकसान या घाईतच होतं. नुसता अडकलेला तुकडा सहसा लॉकचं काही बिघडवत नाही, बिघडवतात ते त्याच्यावर केलेले प्रयोग.

यातला सर्वांत घातक प्रयोग फेविक्विकचा. हातात उरलेल्या चावीच्या डोक्याला एक थेंब लावायचा, आतल्या तुकड्याला चिकटवायचं आणि ओढायचं, हा सल्ला पार्किंगमध्ये जमलेल्यांपैकी कुणीतरी देतोच. लॉकच्या आत पातळ धातूच्या पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीला एक बारीक स्प्रिंग असते. चावीच्या खाचा या पट्ट्यांना नेमक्या उंचीवर आणतात, तेव्हाच लॉक फिरतं. तो थेंब तुकड्यावर थांबत नाही; पट्ट्यांच्या फटीत उतरतो आणि क्षणात घट्ट होतो. मग साध्या चिमट्याने निघाला असता अशा तुकड्यापायी अख्खा लॉकसेट बदलावा लागतो.

लोहचुंबकाने तुकडा ओढून घेता येतो, हीसुद्धा बहुतेक वेळा निव्वळ आशा ठरते. पुष्कळ चाव्या पितळेच्या असतात, वरची चकाकी निकेलच्या मुलाम्याची. हातातल्या तुकड्याला चुंबक लावून बघा, लगेच कळेल.

‘जोर लावला की येतोच’ हा समज नीट समजून घ्यायला हवा. चावी सहसा ऑफ किंवा लॉक या ठिकाणीच आत-बाहेर होते. ऑनवर फिरवली की पट्ट्यांना वर सरकायला जागाच उरत नाही आणि त्या चावीला धरून ठेवतात. अशा वेळी कितीही ओढा, तुकडा हलणार नाही. म्हणून आधी चावीचं भोक ऑफच्या खुणेशी जुळतंय का ते पाहा. जुळत नसेल तर बारीक चपट्या स्क्रूड्रायव्हरचं टोक जेमतेम टेकवून ते हलकेच ऑफकडे फिरवा, तुकडा आत ढकलू नका. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर ‘पी’वर हवा.

तुकडा थोडा बाहेर डोकावत असेल तर टोकदार चिमटा पुरतो. आत गेला असेल तर नक्षीकामाच्या करवतीचं अरुंद पातं, दाते आपल्याकडे वळलेले ठेवून, चावीच्या खाचांच्या बाजूने सरकवा. किंचित पिळा, दाता अडकला की सरळ बाहेर ओढा. दोन-तीनदा करूनही जमलं नाही तर थांबा आणि चावीवाल्याला बोलवा. तुकडा आत असताना दुसरी चावी मात्र घालून बघू नका, त्याने तो आणखी खोल जातो. खोबरेल किंवा इंजिन ऑइलही नको. त्यावर धूळ बसून पट्ट्या चिकटतात. ग्रॅफाइटची कोरडी भुकटी चांगली.

तुटलेली चावी निकामी झाली असं समजून फेकू नका. दोन्ही तुकडे जुळवून चावीवाला खाचा वाचतो आणि नवी चावी घासून देतो. बऱ्याच मोटारींत चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात इमोबिलायझरची चिप असते. ती नसेल तर नवी चावी लॉकमध्ये फिरेल, पण इंजिन सुरू राहणार नाही. म्हणून ते डोकं आधी जपा.

चावी अचानक तुटली असं आपण म्हणतो, पण बहुतेकदा ती बरेच दिवस तुटतच असते. डोक्याजवळच्या खाचेपाशी केसाएवढी आडवी रेघ दिसली तर ती चावी वापरणं थांबवा. पार्सलची चिकटपट्टी फाडायला, डबा उचकटायला चावी वापरली की ती वाकते, आणि वाकून सरळ झालेला धातू पुढे तिथेच तुटतो. दुसरं कारण हँडल लॉक. हँडल पूर्ण वळलं नसेल तर आतली खीळ खाचेसमोर येत नाही आणि लोक जोर काढतात तो चावीवर. मोटारीचं चाक फुटपाथला टेकलं असेल तरी खिळीवर ताण येतो. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवली की तो सुटतो.

डुप्लिकेट करायची तर घरात पडून असलेल्या, न झिजलेल्या चावीवरून करा. रोजच्या चावीवरून काढली तर तिची झीजही नव्या चावीत उतरते. आणि ती स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, कारण बहुतेक स्कूटरची डिकी त्याच चावीने उघडते.